दारची खुर्ची

मी त्या ऑफिसात परत गेले ती फक्त एक चावी द्यायला. मशीनरूमची चावी. माझी बदली होऊन काही महिने झाले होते, तरी ती माझ्या पर्समध्ये तशीच पडून होती. साहेबांचा निरोप आला, की चावी घेऊन स्वतः या, शिपायाबरोबर पाठवू नका. म्हटलं, झालं, आता एवढ्याशा चावीवरून बोलणी खायची. सकाळी मुलीला शाळेत सोडलं, दुपारी तिला घरी आणायचं बहिणीला सांगितलं आणि निघाले.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते असं लोक धरून चालतात. ही गोष्ट भर दुपारची आहे. अर्थात मशीनरूममध्ये दुपार आणि रात्र असा भेद नसतोच. तिला खिडकी नसते. उंच काळी कपाटं रांगेनं उभी असतात, त्यांत सगळ्या ऑफिसचे कॉम्प्युटर कोंडलेले. त्यांना थंडी लागते म्हणून माणसांनी तिथं स्वेटर घालायचा. पंख्यांची घरघर अखंड चालू. आत थोडा वेळ बसलं की ती ऐकू येईनाशी होते आणि बाहेर आल्यावर मात्र जगच बहिरं झाल्यासारखं वाटतं. वायर तापल्याचा, धुळीचा आणि थंड लोखंडाचा मिळून एक वास असतो. मला तो वास एकेकाळी आवडायचा.

त्या खोलीवर आम्ही दोघं होतो, मी आणि मास्तर. आमचा हुद्दा सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेटर. माझी आई शेजारणींना सांगते, ‘कॉम्प्युटर बंद पडू देत नाही ती.’ यापेक्षा नेमकं मलाही सांगता येणार नाही. मास्तर कधीच शाळेत शिकवत नव्हते. पण कुणालाही कुठलीही गोष्ट दोनदा शांतपणे समजावून द्यायचे आणि तिसऱ्यांदा विचारलं की चष्मा काढून नुसते बघायचे, म्हणून त्यांना मास्तर म्हणत. थंडीत बसून बसून त्यांचा घसा कायमचा धरलेला. तोंडात पेपरमिंटची गोळी असायची. ते येण्याआधी तो वास यायचा.

आमच्या धंद्यात कामाच्या दोन जाती आहेत. एक काम धावत येतं. छपाई होत नाही, पासवर्ड विसरलो, पडदा काळा झाला. ते करायला फार अक्कल लागत नाही, पण ते आत्ता हवं असतं, आणि घेऊन येणारा प्रत्येक जण दारातून एकच वाक्य म्हणतो, ‘फक्त दोन मिनिटं.’ दुसरं काम बसून करायचं. त्यात दहा गोष्टी एकापुढे एक डोक्यात धरून चालावं लागतं, आणि मध्ये कुणी हाक मारली की सगळ्या हातातून सांडतात. मग डोळे मिटून स्वतःला विचारायचं, आपण कुठवर आलो होतो? या एका प्रश्नानं आमच्या लोकांचे केस जितके पिकवलेत, तितके वयानंसुद्धा पिकवले नसतील.

यावर मास्तरांनी तोडगा काढला होता. मशीनरूमला बाहेर एक छोटी खोली होती आणि मधे काचेचं दार. त्या दाराशी एक खुर्ची मांडलेली. सकाळी दारच्या खुर्चीवर मी बसायची आणि मास्तर आत. जेवणाच्या सुट्टीनंतर मी आत आणि दारात मास्तर. जो दारात बसेल त्यानं सगळ्या जगाचे धक्के खायचे. आतल्याला कुणीही हाक मारायची नाही. दारातल्यानं एवढंच म्हणायचं, ‘ते कामात आहेत, मला सांगा.’ आणि नुसतं सांगा म्हणून भागायचं नाही, ते काम करूनही द्यायचं, म्हणजे आलेला माणूस पुन्हा दाराशी येत नाही. मास्तर हा नियम इतका पाळायचे, की एकदा त्यांच्या बायकोचा फोन आला तेव्हा मी तो घेतला, त्यांच्या घराच्या नळाची भानगड मीच मिस्त्री शोधून मिटवली, आणि त्यांना ते दुपारी जेवताना कळलं. ‘बरं केलंत,’ म्हणाले आणि पुढचा घास घेतला.

अशी आमची वर्षं सुखात गेली. मग नवीन साहेब आले.

साहेबांना वेळेचं नियोजन या विषयावर भाषण करायची भारी हौस. आल्या आल्या त्यांनी जिन्यात तक्ते लावले, सगळ्यांना हॉलमध्ये बसवून वेळ कसा वाचवावा ते सांगितलं, आणि त्यात सगळ्यांची अख्खी सकाळ घालवली. नंतर एकदा मशीनरूमकडे फिरकले. मी दारात एकाचा पासवर्ड बदलून देत होते. मास्तर पाठमोरे, आत.

“एकाच कामाला दोन माणसं?” साहेब म्हणाले.

मी नियम समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतला नाही, नुसती तो संपायची वाट पाहिली. आठवड्याच्या आत मला गोदामाच्या इमारतीत धाडलं. दारची खुर्ची उचलून स्वागतकक्षात ठेवली, पाहुण्यांना बसायला. मास्तर उरले एकटे, आतही तेच आणि दारातही तेच.

त्या मशीनरूममध्ये छताला नळ्या होत्या आणि कोपऱ्यात मोठाले सिलिंडर. आग लागली तर पाणी मारून चालत नाही, यंत्रं जातील. म्हणून एक गॅस सोडतात. तो खोलीतली हवाच खाऊन टाकतो, मग आगीला जगायला काही उरत नाही. माणसालाही उरत नाही. वर्षातून एकदा त्याची चाचणी असते. आगीचं सोंग आणायचं, घंटा वाजते का, दार बंद होतं का ते बघायचं. त्याआधी सिलिंडरच्या तोंडाशी लोखंडी खीळ घालायची, म्हणजे खरा गॅस सुटत नाही. मास्तर चाचणीची एकेक पायरी मोठ्यानं म्हणत करायचे. ‘खीळ घातली. हात लावून पाहिली.’ मी दारातून ऐकायची आणि मनात हसायची. एवढा जपून वागणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्या वर्षीची चाचणी त्यांनी एकट्यानं केली. दुपारी मला गोदामात फोन आला.

“ताई, दारात कुणी नसलं की काय होतं बघा,” मास्तर म्हणाले. “साहेबांची मीटिंग चाललीय. भिंतीवर चित्र उलटं पडतंय म्हणून बोलावलं. परत आलो तर आवाज येत नाही म्हणून बोलावलं. आता चार्जर कुठं लावू म्हणून. मी कुठवर आलो होतो तेच आठवेना.”

“मग पहिल्यापासून करा,” मी म्हटलं.

“तेवढा वेळ कुठाय? त्यांना आजच अहवाल वर पाठवायचाय.”

गोळी एका गालातून दुसऱ्या गालात गेल्याचा आवाज आला. हसले आणि फोन ठेवला. आयुष्यात कधी काही धरून न चालणाऱ्या त्या माणसानं त्या दिवशी खीळ घातलीय असं धरलं. खरा गॅस सुटला आणि दार घट्ट बंद झालं. दाराबाहेर कुणी असतं तर काच फोडता आली असती. कुणी नव्हतं.

अहवाल मात्र साहेबांनी वेळेवर पाठवला. त्यात लिहिलं, कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे. उठवाउठवीचा त्यात शब्द नव्हता. मी जाऊन सांगितलं, लिहून दिलं, वरच्यांच्या पायऱ्या झिजवल्या. कुणी दाद दिली नाही. शोकसभेत साहेब मास्तरांच्या समर्पणाबद्दल बोलले. मग मास्तरांची बायको पुढे आली आणि अगदी हळू आवाजात विचारू लागली, “ते तिथं एकटेच का होते...” तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. त्यांनी तिच्यासमोर एक बोट वर केलं, म्हणजे थांबा, आणि बोलत बोलत बाहेर निघून गेले. ती हात जोडून उभीच राहिली. मी तिला धरून खाली बसवलं. त्या दिवसापासून माझ्या पोटात जे पेटलं ते विझलं नाही, आणि विझावं असं मला वाटतही नव्हतं.

तर मी चावी घेऊन गेले. साहेबांच्या केबिनबाहेर कुणी नव्हतं. आत पाऊल टाकलं आणि मी त्यांना ओळखलंच नाही. शर्ट अंगावर टांगलेला. डोळे खोल गेलेले. अर्धी दाढी केलेली, अर्धी तशीच. टेबलावर कागदांचा ढीग आणि प्रत्येक कागदावर त्यांची सही अर्ध्यात तुटलेली.

“बसा, ताई,” ते म्हणाले. आधी मला नेहमी ‘मॅडम’ म्हणायचे, तेही माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत.

मी चावी टेबलावर ठेवली. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. दार लावून घ्या म्हणाले. मग हळूहळू, मधून मधून दाराकडे बघत, सांगायला लागले. आधी नुसती टकटक व्हायची. दार उघडावं तर कुणी नाही. मग फोन यायला लागले. उचलला की आधी पंख्यांची घरघर, आणि मग...

“मग काय?”

“‘साहेब, दोन मिनिटं.’” त्यांनी ओठ पुसले. “एवढंच. तोच आवाज. घास तोंडाशी नेला की येतो. सही करायला घेतली की येतो. जिन्याच्या मधोमध येतो. डोळा लागतो ना लागतो तोच कानाशी येतो... फोन बंद करून ठेवलाय मी, ताई. कपाटात कुलूप लावून ठेवलाय.”

मला हसू आलं. खरंच सांगते, आलं. या माणसाला आता घड्याळातला एक सलग तुकडा मिळत नव्हता, आणि तक्ते अजून जिन्यात लटकत होते.

“डॉक्टर म्हणाले, असंच झोपेविना चाललं तर हृदय टिकणार नाही,” साहेब म्हणाले. “मला फक्त एकदा सलग झोपायचंय. म्हणून तुम्हाला बोलावलं. तुम्ही दारात बसा.”

“कुठल्या दारात?”

“मशीनरूमच्या. मी आत झोपतो.” ते पुढे झुकले. “तिथं जायची मला भीती वाटते. पण नियम त्यांचाच आहे ना? दारात कुणी बसलं असलं की आतल्याला हाक मारायची नाही. ते तो मोडणार नाहीत. मास्तर कधीच मोडणार नाहीत.”

हे त्यांचं मात्र बरोबर होतं. सगळ्या आयुष्यात हा नियम त्यांना आत्ता कळला होता. आणि माझ्या हातात काय आलंय, ते मला त्या क्षणी कळलं. मी दारात बसले तर हा माणूस झोपेल आणि जगेल. नाही बसले तर नाही. मी हो म्हटलं. का म्हटलं, ते तेव्हा माझं मलाही नक्की ठाऊक नव्हतं.

खुर्ची स्वागतकक्षातून परत आणलेली होतीच. मीच दार उघडलं. सगळं तसंच होतं, कपाटं, घरघर, वास. सिलिंडर मात्र रिकामे. अपघातानंतर ते पुन्हा भरलेच नव्हते, नळ्यांची जोडणीही काढून टाकली होती. साहेबांनी मला मुद्दाम नेऊन ते बघायला लावलं, लहान मूल पलंगाखाली कुणी नाही ना ते बघायला लावतं तसं. मग आतल्या खुर्चीत बसले, अंगावर कोट ओढला आणि काचेतून माझ्याकडे बघत राहिले. मी दारच्या खुर्चीवर बसले. बघता बघता त्यांची मान कलली आणि ते झोपले.

सकाळ तशीच गेली. कुणी आलं नाही. बाहेर जेवणाची सुट्टी झाली असावी, कारण पावलांचा आणि हसण्याचा आवाज आला आणि मग सगळा मजला सामसूम झाला. मी गोदामातल्या कामाचा विचार करत होते. तेव्हा माझ्या पायांना गार लागलं. आतली थंडी दाराखालून येते, तसं नाही. बाहेरून, जिन्याच्या बाजूनं. मशीनरूमसाठी रबरी चपला असतात. त्यांचा चपक चपक आवाज जवळ आला आणि माझ्यासमोर थांबला.

समोर कुणी नव्हतं. पेपरमिंटचा वास होता.

“ताई...” आवाज धरलेला, घसा खाकरून आलेला. “आत कोण आहे?”

मी म्हणायला हवं होतं, ते कामात आहेत, मला सांगा. तीन वर्षं रोज म्हटलेलं वाक्य. ते म्हटलं असतं तर मास्तर मान डोलवून परत गेले असते, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

“माझं त्यांच्याकडे दोन मिनिटांचं काम होतं,” मास्तर म्हणाले.

मी काचेतून आत पाहिलं. साहेब तोंड उघडं टाकून झोपले होते, एखाद्या दमलेल्या पोरासारखे. मला कीव आली नाही. मला मास्तरांची बायको दिसली, हात जोडून उभी असलेली. मला तो शब्द दिसला, निष्काळजीपणा. मी खुर्चीवरून उठले. नुसती उठले नाही, खुर्ची उचलून भिंतीशी ठेवली आणि वाट मोकळी केली.

दार उघडलं नाही. पण काचेवर आतून धुकं चढलं, आणि साहेबांची मान ताठ झाली, कुणी नाव घेऊन हाक मारल्यावर होते तशी. त्यांनी डोळे उघडले. आधी त्यांनी शेजारी पाहिलं, अगदी जवळ. मग माझ्याकडे. मी उभी आहे आणि खुर्ची रिकामी भिंतीशी आहे, हे त्यांना दिसलं. धडपडत दाराशी आले. दाराला कुलूप घातलेलं नव्हतं, गॅसची जोडणी काढल्यापासून ते अडकतही नव्हतं, नुसतं ढकललं की उघडायचं. त्यांनी दोन्ही हातांनी ढकललं. त्यांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. छाती वरखाली होत होती आणि आत काही जात नव्हतं.

मी त्यांच्यासमोर एक बोट वर केलं. थांबा.

मग मी पाठ फिरवली. मागं काचेवर तळहात आपटल्याचे आवाज येत होते, ते हळूहळू विरळ झाले. आणि भिंतीशी ठेवलेली खुर्ची करकरली, कुणीतरी भार टाकून बसल्यावर करकरते तशी.

“दुपार झाली की, ताई,” मास्तर दमलेल्या, समाधानी आवाजात म्हणाले. “आता तुम्ही आत, मी दारात. तुम्ही तुमचं काम करा. तुम्हाला कुणी हाक मारणार नाही.”

डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला. रखवालदार मात्र त्यांना बाहेर काढायला आत शिरला तो तसाच धापा टाकत परत आला आणि म्हणत राहिला, आत हवाच नाही हो, हवाच नाही. लोकांनी सिलिंडर पाहिले. रिकामे ते रिकामेच. मला कुणी काही विचारलं नाही. घरी आले, हातपाय धुतले, मुलीला जवळ घेतलं आणि गाढ झोपले. मला पश्चात्ताप झाला नाही. आजही त्या माणसासाठी होत नाही.

माझी बदली परत झाली. आता मशीनरूम माझ्या एकटीची. आणि नवल म्हणजे कामात कुणी व्यत्ययच आणेना. दिवसचे दिवस जायचे, दारावर कुणी नाही, फोन नाही. वर्षानुवर्षं तुंबलेली कामं मी हातावेगळी केली. वरच्यांनी पाठ थोपटली. जेवताना एक कारकून म्हणाला, “मघाशी तुमच्याकडे आलो होतो, पण तुमच्या त्या माणसानं तिथल्या तिथं करून दिलं.” मी पुढचा घास घेतला. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. मास्तर शब्दाला जागले होते.

मग आईचा फोन आला. म्हणजे मी बहिणीकडे गेले असताना तिनं रागावून बहिणीच्या फोनवर केला. “तुझ्या फोनवर दरवेळी एक गृहस्थ बोलतात,” ती म्हणाली. “फार सज्जन आहेत हो. म्हणतात, ताई कामात आहेत, मला सांगा. मग मी सांगते. गुडघ्याला कुठला पट्टा बांधायचा ते त्यांनीच सांगितलं. पण मला तुझ्याशी बोलायचं असतं ना गं.” माझ्या फोनवर तिचा एकही फोन आल्याची खूण नव्हती.

मुलीला घरात सगळे चिमणी म्हणतात. तिचा बाप दूरदेशी, दुसरं घर मांडून बसलेला. तिला मी आणि मला ती. पूर्वी ती दर घटकेला माझ्या खोलीत यायची. हे बघ, ते उघडून दे, पेन्सिल मोडली. मी वैतागायची. एका रविवारी मी खोलीत ऑफिसचं काम घेऊन बसले होते, आणि काम संपलं तेव्हा लक्षात आलं, की दिवसभरात ती एकदाही आली नाही. बाहेर आले. ती माझ्या दारापाशी जमिनीवर बसली होती, भिंतीला टेकून, तापानं लाल झालेली. जवळ बसून तिला पोटाशी धरलं.

“हाक का नाही मारलीस, राणी?”

“मारली,” ती म्हणाली. “काका म्हणाले, आई कामात आहे, मला सांग. मग मी त्यांना सांगितलं. त्यांनी कपाळावर हात ठेवला.” ती डोळे मिटून हसली. “खूप गार होता. छान वाटलं.”

तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ बर्फासारखं थंड होतं. बाकी सगळं अंग भाजत होतं.

मी नोकरी सोडली. कॉम्प्युटर देऊन टाकला, फोन देऊन टाकला, मशीनरूमची चावी नदीत टाकली. रिकाम्या दाराकडे बघून हात जोडले आणि सांगितलं, मास्तर, झालं सगळं, आता काही काम उरलं नाही, तुम्ही जा. पायांना गार लागलं. पण कुणी उठल्याचा आवाज आला नाही. दुपार संपली असं ज्याला कधी वाटतच नाही, त्याची पाळी कोण संपवणार?

आता मी दिवसभर त्या खोलीत नुसती बसून असते, दार सताड उघडं टाकून, हात मांडीवर ठेवून. चिमणी बरी आहे, खाते-पिते, शाळेत जाते. हल्ली तिला काही लागत नाही, कुठं दुखलं तरी ती रडत नाही. फक्त कधी कधी धावत येते, माझ्याकडे बघत, काहीतरी सांगायचंच आहे असं तोंड करून. मी म्हणते, “ये ना, चिमणे. मला काहीसुद्धा काम नाही. ये.” ती उंबऱ्याशी थांबते. दाराच्या बाजूला, थोडंसं वर बघते. काहीतरी ऐकून घेते. मग शहाण्यासारखी मान हलवते आणि परत जाते.